डोपामिन आणि शिकणे : अंदाज चुकतो तेव्हा मेंदू काय करतो?

डोपामिनला आपण सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणतो. पण शिकण्यातले त्याचे काम वेगळे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशींचा अभ्यास केला. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी उत्तेजित होत. रसाआधी रोज दिवा लागू लागला, तेव्हा सरावाने त्या दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या वेळी मंदावत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक हाच तो संदेश. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली.

अंदाजच बांधला नाही, तर फरक कळणार कसा? म्हणून अभ्यासात आपण उत्तर आधी स्वतः लिहावे, मग तपासावे. चुकलेले उत्तर म्हणजे नालायकी नव्हे. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते.