मंगळावरच्या महापुराच्या वाटा : आपल्याच नावाची 'मंगला' दरी काय सांगते?

'मंगळावर पाणी सापडलं' ही बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी आपल्या मोबाईलवर येते. वाचून वाटतं, तिकडे नद्या वाहत असाव्यात. आज तिथं वाहतं पाणी नाही. पण एकेकाळी तिथं पाणी धो धो सुटलं असावं, त्याच्या खुणा कक्षेतून आजही स्पष्ट दिसतात. या खुणांना महापुराच्या वाटा म्हणता येईल.

पहिल्यांदा कधी दिसल्या?

१९६५ आणि १९६९ साली मंगळाजवळून गेलेल्या यानांना खड्डेच खड्डे दिसले. मंगळ म्हणजे दुसरा चंद्रच, असा समज झाला. नोव्हेंबर १९७१ मध्ये 'मरिनर ९' कक्षेत पोहोचलं, तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळात झाकलेला होता. धूळ बसली आणि फोटोंत शेकडो किलोमीटर लांबीचे कोरडे पाट दिसू लागले.

साध्या नदीपेक्षा वेगळं काय?

नदी उगमाशी बारीक असते, वाटेत ओढे-नाले मिळत ती मोठी होते. हे पाट मात्र सुरुवातीपासूनच रुंद आहेत आणि उपनद्या जवळपास नाहीतच. म्हणजे हे पावसाचं साठत गेलेलं पाणी नव्हे, ते एका जागेतून एकदम फुटून बाहेर आलं. पाटांच्या मधोमध थेंबाच्या आकाराची बेटं उरलेली दिसतात, त्यांचं टोक प्रवाहाच्या दिशेला.

'मंगला' नाव कुठून आलं?

मंगळावरच्या मोठ्या दऱ्यांना वेगवेगळ्या भाषांतली मंगळाचीच नावं दिली आहेत. 'कासेई' हे जपानी, 'आरेस' ग्रीक, तर 'मंगला' आपल्या संस्कृतातलं. ही दरी जमिनीला पडलेल्या एका लांबलचक भेगेपासून निघते. भेगेच्या काठाला सुमारे साडेपाच किलोमीटरची खिंड आहे, तिथून पाट सुरू होतो आणि उत्तरेकडे आठ-नऊशे किलोमीटर जातो.

अंदाज असा : जमिनीचा वरचा थर गोठलेला, त्याखाली दाबातलं पाणी. थार्सिस या ज्वालामुखींच्या प्रदेशातल्या ताणामुळे जमीन फाटली आणि पाणी उसळून वर आलं. असा पूर एकाहून अधिक वेळा आला असावा.

पुरावा पृथ्वीवर

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात अशाच खरवडलेल्या खडकाळ वाटा आहेत. १९२३ मध्ये जे हार्लेन ब्रेट्झ यांनी त्या प्रचंड पुराने झाल्याचं मांडलं. बऱ्याच भूशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. पुढे कळलं की हिमयुगात बर्फाचा बांध फुटून मिसूला नावाचं सरोवर रिकामं झालं होतं. ब्रेट्झना १९७९ मध्ये भूशास्त्रातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते. मंगळाचे फोटो वाचायला हाच दाखला कामी आला.

जमिनीवर उतरून काय कळलं?

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान आरेस दरीच्या मुखाशी मुद्दाम उतरवलं, कारण पुराने लांबून वाहून आणलेले तऱ्हेतऱ्हेचे दगड एकाच ठिकाणी मिळतील, असा हिशेब होता. तिथं एकमेकांवर रेललेले आणि गोलसर दगड दिसले, पुराने टाकल्यासारखेच.

मग वाद कशाचा?

काही अभ्यासकांच्या मते हे पाट पातळ, वेगवान लाव्हारसानेही कोरले जाऊ शकतात. काही दऱ्यांच्या तळाशी लाव्हा पसरलेला आहेच. प्रश्न इतकाच की त्याने दरी कोरली, की आधीच कोरलेल्या दरीतून तो वाहिला? बहुतेकांचा कल आजही पाण्याकडे आहे.

यातले बरेच पाट तीन अब्ज वर्षांच्या आसपास जुने मानले जातात. आज तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे उघड्यावर पाणी टिकत नाही, गोठतं किंवा उडून जातं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची : पूर म्हणजे समुद्र नव्हे. तो येतो आणि ओसरतो. एवढ्या थोड्या काळात जीवसृष्टी रुजली असेल, असं या पाटांवरून म्हणता येत नाही. पुढच्या वेळी 'मंगळावर पाणी' असा मथळा दिसला, की आधी विचारा : कधीचं पाणी, आणि किती दिवसांचं?