दोष शिशाचा की साच्याचा?

इतिहासाच्या पुस्तकांत गोळी कोणी झाडली हे लिहिलेले असते. ती कोणी ओतली आणि कशात ओतली, हे नसते. तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या काळात गोळी म्हणजे शिशाचा गोटा. चिमट्यासारखा दोन पाकळ्यांचा साचा आणि विस्तवावर वितळलेले शिसे, एवढ्यावर ती घरात किंवा छावणीत तयार होई.

हे ओतकाम मला समजले ते बंदुकीमुळे नव्हे, छापखान्यामुळे. सोलापुरात मी काही वर्षे जुळारी होतो. छपाईचे खिळेही शिशाचेच. कडकपणासाठी त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. ओतणाऱ्यांचा एक नियम असे: माल बिघडला की आधी साचा पाहा. गोळी असो वा खिळा, अंगावर सुरकुत्या पडल्या तर बहुधा साचा थंड राहिलेला असतो. कडेला शिवण उठली तर पाकळ्या नीट मिटलेल्या नसतात. पोटात पोकळी राहिली तर हवेला वाट मिळालेली नसते. बिघडलेला माल पुन्हा वितळवला की तेच शिसे कामाला येते.

आपल्या समाजव्यवस्थेने हा साधा नियम माणसाला कधी लावला नाही. तिने साचा पवित्र मानला आणि दोष शिशाच्या माथी मारला.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या फौजेत महार शिपाई लढले. तेथल्या स्तंभावर त्यांची २२ नावे आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि पेशव्यांचे उरलेसुरले पायदळ मोडले. राज्य स्थिर झाले. पुढे १८९० नंतर त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. का, तर ते म्हणे ‘लढाऊ जातीं’त बसत नव्हते! धातू बदलला होता काय? बदलला होता तो साचा. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली. १९१७ मध्ये महायुद्धाची निकड लागताच १११वी महार पलटण उभी राहिली; १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ साली दुसऱ्या युद्धात पुन्हा महार रेजिमेंट. गरज असली की शूर, गरज सरली की अस्पृश्य!

दुसरे उदाहरण सोलापूरकरांनी आपल्याच गावात पाहावे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो पुढे मुंबई इलाख्यात आला आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कैकाडी, पारधी अशा जमाती तारेच्या कुंपणाआड डांबल्या गेल्या. हीच ‘जन्मजात चोर’ माणसे हजेरी देऊन सोलापूरच्या गिरण्यांत यंत्रांवर राबत होती. कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. पोलिसांची आणि शेजाऱ्यांची नजर मात्र अजून रद्द झालेली नाही.

१८७८ साली लिटनच्या राजवटीत दोन कायदे झाले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांवर, दुसरा हत्यारांवर. या दुसऱ्या कायद्यात शिशावरही निर्बंध घालण्याची सोय होती. शिशाची दोन्ही रूपे राज्यकर्ते ओळखून होते. बाबासाहेबांनी त्यांपैकी खिळा उचलला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापली नव्हती. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ आणि १९३० साली ‘जनता’ आले. चळवळीने आपला छापखानाही उभारला. दुसऱ्यांच्या साच्यात आपली प्रतिमा नेहमी बिघडूनच निघते, हे त्यांनी ओळखले होते.

२५ जून २०१६ रोजी दादरला आंबेडकर भवनासोबत बुद्धभूषण छापखानाही पाडला गेला. आता खिळ्यांचा जमाना संपला आहे; साच्यांचा संपलेला नाही. वर्गात मागे पडलेल्या पोराकडे बोट दाखवून ‘ही जातच अशी’ असे कोणी म्हणाले, तर शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी तिथेच त्याला विचारावे: साचा तपासलास का?