लिलावात गाण्याला भाव, गाणाऱ्याला काय?

2013 मध्ये टॉमी जॉन्सन या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाची जुनी तबकडी ऑनलाइन लिलावात 37,100 डॉलरला गेली. ती काढली होती ‘पॅरामाउंट’ने. ही विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. 1920 च्या दशकात अशा तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढल्या जात. म्हणजे गाण्यालाही वेगळा पाणवठा!

माल हलका, म्हणून तबकड्या लवकर झिजल्या. मंदीत कंपनी बसली. प्रती मोजक्या उरल्या, म्हणून आज बोली चढते. पण पैसा जातो विकणाऱ्याच्या खिशात. जॉन्सन तर 1956 मध्येच वारला होता.

संग्राहकांमुळेच हे संगीत वाचले, असे म्हणतात. ते खरेच आहे. पण जतन म्हणजे न्याय नव्हे.

1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात अस्पृश्य आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. आम्हाला ते इथेही दिसते. आपल्या वस्त्यांत भीमगीतांच्या कॅसेटना माळ्यावर बुरशी लागते आहे. उद्या कुणी बोली लावेल, तेव्हाच आपल्याला त्यांची किंमत कळणार का? मित्रांनो, आजच त्या गोळा करू, डिजिटल करू. आणि प्रत्येक गाण्यापुढे कवीचे, गायकाचे नाव लिहू.

जय भीम!