घरी घडविलेल्या मोटारीतील गूढ आवाज
सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून घडविलेली, किक मारून सुरू होणारी जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. अशा मोटारीला कंपनीची पुस्तिका नसते. आवाजाचे मूळ कानानेच शोधावे लागते. गाडी उभी असतानाही इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर आवाज वाढल्यास दोष बहुधा इंजिनाकडचा असतो. तो केवळ गाडीच्या वेगाबरोबर वाढल्यास चाके, टायर व बेअरिंग तपासावीत. उजवीकडे वळताना घरघर वाढली, तर संशय डाव्या बेअरिंगवर जातो. कारण तेव्हा भार बाहेरच्या चाकावर येतो. खडखड होत असल्यास आधी चाकांचे नट पाहावेत. येथील हयगय जिवावर बेतू शकते. नोंदणी नसलेली गाडी घोडबंदर वा कल्याण-शीळ रस्त्यावर नेता येत नाही. चाचणी खासगी आवारातच घ्यावी.