आमचा महाराष्ट्र संघ

कुंभारी हें सोलापुराहून अक्कलकोटच्या वाटेवरील गांव. तेथील शाळेंत मुलांना शिकविण्यांत माझी सारी नोकरी गेली. मी स्वतः क्रिकेट खेळलों तें शाळेच्या पटांगणावर, आणि तेंहि बेताचेंच. परंतु वयाच्या दहाव्या वर्षापासून आज साठी उलटेपर्यंत एका संघाच्या यशापयशाची वही मीं ठेविली आहे. तो संघ म्हणजे रणजी करंडकाच्या सामन्यांत उतरणारा महाराष्ट्र. त्यानें करंडक शेवटचा जिंकला तो माझ्या जन्मापूर्वीं. तेव्हां लोक विचारतात, “गुरुजी, हरणाऱ्यांचा हा हिशेब कशासाठीं?”

श्रोतेहो, उत्तरापूर्वीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. राजकीय महाराष्ट्र १९६० सालीं झाला; क्रिकेटचा महाराष्ट्र त्याहून जुना आणि आकारानें लहान. त्यांत मुंबई नाहीं, विदर्भहि नाहीं. भाषावार राज्यें झालीं तरी क्रिकेटनें जुन्या सीमा पुसल्या नाहींत. गुजरातेंतहि बडोदें व सौराष्ट्र यांचे संघ निराळेच राहिले. त्यामुळें सोलापूरकरास मुंबईच्या पराभवाची इच्छा धरावी लागते. त्यांत पुनः गंमत अशी कीं, १९२६ सालीं सोलापुरांत जन्मलेल्या पॉली उम्रीगरांचें नांव गाजलें तें मुंबईकडून!

आमचे वैभवाचे दिवस प्रा. दिनकर बळवंत देवधरांचे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणाऱ्या ह्या गृहस्थांनीं १९३९–४० आणि १९४०–४१ असा लागोपाठ दोन वर्षें करंडक आणिला. पहिल्या वर्षीं अंतिम सामन्यांत संयुक्त प्रांतास पुण्यांत नमविलें, दुसऱ्या वर्षीं मद्रासला त्यांच्याच घरीं. त्याच पहिल्या मोसमांत विजय हजाऱ्यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या; रणजी सामन्यांतील तें पहिलें त्रिशतक होय. दुसऱ्या मोसमांत मुंबईविरुद्ध खुद्द देवधरांनीं २४६ काढल्या, तेव्हां ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. व्याकरणास कंटाळलेल्या मुलांना मी हा आंकडा मुद्दाम सांगत असें. व्याकरणाची गोडी त्यानें वाढली असें मात्र म्हणवत नाहीं.

पुढें डिसेंबर १९४८. पुण्यास काठेवाडविरुद्ध कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धांवांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा त्या वेळचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर राहिला होता. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं खेळाच्या सुटींतच सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध हा विक्रम व्हावा हें त्यांना रुचलें नाहीं. राजेपणा मैदानांत नेला म्हणजे असें होतें! भारतीय फलंदाजाची ती सर्वोच्च खेळी आजहि आहे. तरी निंबाळकरांना एकहि अधिकृत कसोटी सामना मिळाला नाहीं.

माझी वही सुरू होते ती १९७०–७१ च्या अंतिम सामन्यापासून. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सारे वेस्ट इंडीजमध्यें गेलेले. मुंबईकडे सुधीर नाईकांच्या हाताखालीं बरेचसे नवखे गडी, आणि आमच्याकडे चंदू बोर्डे. इतकी अनुकूल वेळ पुनः आली नसती, आणि आलीहि नाहीं. सोलापुराहून वर्तमानपत्र येई त्याची मी फाट्यावर उभा राहून वाट पाहत असें. शेवटच्या दिवशींचा अंक उघडला तों महाराष्ट्र ४८ धांवांनीं हरलेला. तें कात्रण मीं खळीनें वहींत चिकटविलें. चिकटवितांना वाटलें, पुढच्या वर्षीं याच्या शेजारीं विजयाचें लावूं. ती जागा अजून मोकळी आहे.

१९९२–९३ सालीं अंतिम सामन्यांत पंजाबनें हरविलें, २०१३–१४ सालीं कर्नाटकानें. त्या दुसऱ्या मोसमांत केदार जाधवांच्या १२२३ धांवा मीं तांबड्या शाईनें लिहिल्या आहेत. मधल्या वर्षांविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं.

देवधर शंभरी ओलांडून १९९३ सालीं वारले, निंबाळकर २०१२ सालीं. त्यांच्या खेळाचा एक चेंडूहि मीं पाहिलेला नाहीं. पण मी ज्या संघाची वाट पाहतों तो त्यांचाच आहे, दुसऱ्या कोणाचा होऊं शकत नाहीं.

माझा एक विद्यार्थी नागपुरास नोकरीला आहे. २०१८ च्या आरंभीं विदर्भानें पहिल्यानेंच करंडक जिंकला तेव्हां, “शेवटीं महाराष्ट्राचाच विजय,” अशी चिठ्ठी लिहून त्यानें पेढे पाठविले. पेढे मीं आनंदानें खाल्ले. वहींत नोंद केली नाहीं.