चकाकतं ते सगळं स्वच्छ नसतं

चिप हाताळणाऱ्या कारखान्यात किंवा चांगल्या फोन रिपेअरच्या दुकानात टेबलावर अँटी-स्टॅटिक मॅट असते, आजचा भाग तिच्यावर. मी कोड लिहिणारा माणूस, पण हिचा इतिहास वाचताना थेट ऑपरेशन थिएटरमध्ये पोचलो.

1930च्या दशकात अमेरिकेत सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू वापरात आला. भूल छान, पण वायू स्फोटक. कपडे घासले, ट्रॉली ढकलली की स्थिर वीज साठते. एक ठिणगी, आणि स्फोट रुग्णाच्या फुप्फुसापर्यंत. अशात माणसं गेली आहेत. मग आली वीजवाहक फरशी, तसेच बूट, कार्बन मिसळलेलं रबर. तिथल्या अग्निसुरक्षा नियमांत फरशीचा रोध 25,000 ते 10 लाख ओहम. जास्त झाला तर वीज साठणार, कमी झाला तर बिघडलेल्या यंत्राचा जबर शॉक बसणार.

आणि खरी मेख इथे आहे. या फरशीला मेणाचं पॉलिश चालत नसे. फरशी चमकली असती, पण मेणाच्या थराने वीज अडवली असती. म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता मीटरने रोध मोजायचे.

1956 मध्ये न पेटणारं हॅलोथेन आलं आणि पुढे त्या फरशा मागे पडल्या. पण तोच धडा चिपवाल्यांना लागला. साधारण 3,000 व्होल्टच्या खालची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. काही चिप 100 व्होल्टलाच जातात. 1982 मध्ये अमेरिकेत यासाठी वेगळी संघटना उभी राहिली. तिच्या 1999च्या एस-20.20 मानकाने पुढे जम बसवला. आज त्यानुसार टेबलाचा रोध 100 कोटी ओहमच्या आत हवा.

आता गफलत कुठे होते? घरातला चकाकी आणणारा स्प्रे मॅटवर मारला जातो. त्यातलं सिलिकॉन किंवा मेण मागे राहतं. मॅट नवी दिसते, काम मात्र थांबतं. धूळ आणि हाताचं तेलही तेच करतं. म्हणून मॅटसाठीचाच क्लीनर घ्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग रोध मोजा. अर्थिंगची वायरही तपासा. ती सुटली असेल, तर मॅट म्हणजे नुसतं रबर.

थिएटरमध्ये चूक झाली तर स्फोट ऐकू यायचा. चिप मात्र गुपचूप दुखावते आणि कधी कधी महिन्यांनी दगा देते, तोवर ती कुणाच्या तरी खिशात असते.

भेटू पुढच्या भागात!