पाच ठोक्यांचा प्रवास

सातपुड्याच्या कुशीत, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेलगत असलेल्या देडतलाईच्या परिसरात कोरकू लोकांची वस्ती आहे. होळीच्या दिवसांत ढोलकी व बासरीच्या साथीवर तेथे नृत्ये रंगतात. त्या ढोलकीवर पडणाऱ्या हाताला मात्रा मोजाव्या लागत नाहीत. लय त्याच्या अंगी लहानपणीच भिनलेली असते. परंतु अंगी भिनलेले हेच ज्ञान परक्या लयीसमोर उभे राहिले की कधी कधी अडथळा होऊन बसते. रॉक आणि पॉप संगीतावर वाढलेला ड्रमवादक लॅटिन अमेरिकेच्या संगीताकडे वळतो, तेव्हा त्याला नेमका हाच अनुभव येतो.

ही अडचण हाताने टाळी देऊन कोणालाही पडताळून पाहता येईल. सोळा मात्रा मोजाव्यात आणि 3, 7, 11 व 15 या मात्रांवर टाळी द्यावी. रॉक संगीतातील ड्रमचा ठसठशीत ठोका येथेच पडतो. त्याचे अंतर सदैव सारखे, म्हणूनच तो पायांना लगेच पटतो. आता त्याच सोळा मात्रांत 1, 4, 7, 11 आणि 13 वर टाळी द्यावी. ही क्यूबाच्या संगीतातील 'क्लावे'. पाचांपैकी दोनच ठोके पहिल्या मांडणीशी जुळतात. उरलेले तीन तिला चकवून जातात. शिवाय क्यूबाच्या नृत्यसंगीतात खर्जाचे वाद्य पुष्कळदा समेवर न येता तिच्या आधीच उतरते. समेवर पाय आपटण्याची सवय झालेल्या वादकाला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

क्लावे म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन लाकडी काड्या. हवानाच्या गोदीत जहाजबांधणीसाठी लागणाऱ्या लाकडी खुंट्यांपासून त्या आल्या, असे मानले जाते. लय मात्र त्याहून जुनी. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी ती समुद्रापलीकडून सोबत नेली. क्यूबातील गुलामगिरी 1886 मध्ये संपुष्टात आली. ज्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काही उरले नव्हते, त्यांनी जपलेली ही ठेव होय. स्पॅनिश गीतांशी तिचा संगम झाला आणि त्यातून एक नवे संगीत जन्मास आले.

त्या संगीताने अमेरिकेतील वादकांनाही घडविले. 1947 मध्ये डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात क्यूबाचा चानो पोसो कोंगा वाजवू लागला. 1957 च्या 'लुई लुई' या प्रसिद्ध रॉक गीताचा आधारस्वर एका चाचाचा रचनेतून घेतलेला होता. 1964 मध्ये 'अँड आय लव्ह हर' या गीतासाठी बीटल्सच्या रिंगो स्टारने ड्रम बाजूला सारून बोंगो हाती घेतले. 1969 च्या वुडस्टॉक संगीतोत्सवात सँटानाच्या वाद्यवृंदात वीस वर्षांचा मायकेल श्रीव्ह ड्रमवर होता, तर त्याच्या सोबतीला कोंगा आणि टिंबाले होते. जे बाहेरचे म्हणून शिकावयास जावे, ते आपल्याच घरात पूर्वीच येऊन राहिलेले आहे, असे त्या पिढीच्या ध्यानी आले.

मुंबईतही हे पाहुणे लवकरच आले होते. पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र चितळकर, यांचे 'समाधी' चित्रपटातील 'गोरे गोरे' हे गीत 1950 सालचे. त्याच्या चालीचे मूळ 1945 च्या एका हॉलीवूडपटातील कार्मेन मिरांडाच्या गीतात सापडते. लॅटिन म्हणून जे आले, ते हॉलीवूडच्या वळणानेच आले, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढल्याच वर्षी आलेल्या 'अलबेला'तील 'शोला जो भडके'मध्ये बोंगोचा ठेका घुमला. या कामी रामचंद्रांचा उजवा हात होता तो बार्देशातील हळदोण्याचा ट्रम्पेटवादक शिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियु शाविएर वाझ. बोंगो, कोंगा यांसारखी वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविणाऱ्या पहिल्या वादकांत कावस लॉर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते. 1952 नंतर काही काळ आकाशवाणीने चित्रपटगीतांना दार जवळजवळ बंद केले, तरी ती रेडिओ सिलोनवरून घरोघरी पोहोचतच राहिली.

या संगीतामागे गोव्याच्या पॅरिश शाळांतील शिक्षण उभे होते. तेथे मुले स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकत. पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून त्यांनीच शेकडो गीतांची वाद्यरचना लिहून काढली. परंतु चित्रपटाच्या नामावळीत त्यांतील पुष्कळांची नावे कधी झळकली नाहीत. क्लावे सांभाळणाऱ्या अनाम आफ्रिकी माणसांची आठवण येथे सहजच होते. लय टिकते, तिला वाहून नेणारा मात्र विस्मृतीत जातो.

1951 मध्ये मुंबईत जन्मलेला त्रिलोक गुर्टू हा ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा पुत्र. त्याने तबल्याचे शिक्षण घेतले आणि पुढे पाश्चात्त्य ड्रमही आत्मसात केला. तबकड्यांवर अनेक वाद्ये एकावर एक ध्वनिमुद्रित करतात, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून निरनिराळ्या वाद्यांचे बोल तो एकट्यानेच वाजवू पाहत असे. त्या गैरसमजातून त्याची स्वतंत्र शैली घडली.

परक्या लयीकडे जाताना हातचे सोडावे लागत नाही. फक्त आपलाच ठोका खरा, हा हट्ट सोडावा लागतो. पाच ठोक्यांच्या मधली जागा ज्याला ऐकू येऊ लागली, त्याला देडतलाईची ढोलकीही पूर्वीपेक्षा अधिक नीट ऐकू येईल.